ईआरपीनेक्स्ट: प्रोजेक्ट रिक्वेस्ट अप्रूव्हलला अडकते, बटण सारखं गायब होतं, काय काय तपासायचं

"साहेबांना अप्रूव्हचं बटणच दिसत नाहीये." ईआरपीनेक्स्टवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ही तक्रार ऐकलेली असते, आणि वैताग असा की एकदा सोडवली म्हणून ती संपत नाही, थोड्या दिवसांनी त्याच कंपनीतून परत तीच. मग तिथला आयटीवाला पोरगा घाईत काय करतो तर साहेबांना सिस्टम मॅनेजरचा रोल (रोल म्हणजे कामानुसार दिलेले अधिकार) देऊन टाकतो. बटण तरीही येत नाही. कारण वर्कफ्लो, म्हणजे मंजुरीचा कागद कोणाकडून कोणाकडे जाईल तो ठरवलेला रस्ता, सिस्टम मॅनेजर वगैरे काही बघत नाही, ट्रान्झिशनच्या (एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात जायच्या नियमाच्या) ओळीत जो रोल लिहिलाय तोच बघतो. म्हणजे फायदा शून्य, आणि साहेबांच्या हातात आता सगळे युजर्स, सगळ्या परमिशन्स आणि खुद्द तो वर्कफ्लोसुद्धा. असा दिलेला रोल पुढे कोणी काढतही नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ईआरपीनेक्स्ट हे कंपनीचा कारभार (खरेदी, स्टोअर, हिशोब वगैरे) चालवायचं, मुंबईच्या फ्रॅपे टेक्नॉलॉजीजचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, २००८ सालची कंपनी. लायसन्सचे पैसे नाहीत म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या-मध्यम कारखान्यांत ते असतं आणि सांभाळायला एखादाच माणूस असतो, तोच प्रिंटरही बघतो आणि बायोमेट्रिकही. हे सगळं त्याच्यासाठी लिहितोय.

सेटअप काय धरलाय ते आधी सांगतो. प्रोजेक्ट रिक्वेस्ट नावाचा वेगळा डॉकटाइप (म्हणजे फॉर्मचा प्रकार), सबमिटेबलवर टिक केलेला, म्हणजे शेवटी सबमिट होऊन लॉक होणारा. फील्ड्स साधी: विभाग, काम काय आहे, अंदाजे खर्च, जीएसटीसकट एकूण, कधीपर्यंत हवंय. इंजिनिअर टाकतो, एचओडीकडे (विभागप्रमुखाकडे) जाते, ५ लाखांपर्यंत एचओडीच मंजूर करतो, त्याच्यावर असेल तर प्लांट हेड.

बरेच जण वेगळा डॉकटाइप न करता थेट प्रोजेक्ट या तयार डॉकटाइपवरच वर्कफ्लो लावतात, ते नका करू. एक तर प्रोजेक्ट हा सबमिटेबल नाहीये, त्याला ड्राफ्ट-सबमिट असला प्रकारच नाही, त्यामुळे मंजूर झाल्यावर ते लॉक होत नाही. दुसरं म्हणजे वर्कफ्लो फक्त त्याच डॉक्युमेंटपुरता असतो. प्रोजेक्ट मंजुरीला लटकलेला असला तरी टाइमशीटमध्ये तो निवडता येतो, परचेस ऑर्डरमध्ये निवडता येतो, तिथे कोणी विचारत नाही की बाबा हा मंजूर झालाय का. म्हणजे कागदावर पेंडिंग आणि शॉपफ्लोअरवर काम निम्मं झालेलं. त्यापेक्षा रिक्वेस्ट वेगळी ठेवा आणि मंजूर झाली की सर्व्हर स्क्रिप्टने (सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या छोट्या कोडने) प्रोजेक्ट तयार करा. (व्हर्जन १५ पासून सर्व्हर स्क्रिप्ट मुळातच बंद असते, बेंचच्या (फ्रॅपेच्या कमांड लाइन टूलच्या) कॉन्फिगमधून चालू करावी लागते, "स्क्रिप्ट लिहिली पण चालतच नाही" म्हणून डोकं धरून बसू नका.)

आता मूळ तक्रार. ती नीट ऐकून घ्या, कारण "अप्रूव्ह होत नाहीये" या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक, डॉक्युमेंटच दिसत नाही, लिस्टमध्ये नाही किंवा लिंक उघडली की नॉट परमिटेड येतं. दोन, डॉक्युमेंट उघडतं पण वर उजवीकडे अ‍ॅक्शन्सचं बटण नाही. तीन, बटण आहे, दाबलं की लाल एरर येते. तिघांची कारणं वेगळी आहेत आणि फोनवर बोलताना समोरचा तिन्हीला "बटण चालत नाही" असंच म्हणतो. स्क्रीनशॉट मागवा, पूर्ण स्क्रीनचा, मोबाइलने काढलेला तिरका फोटो नको, कारण वरच्या कोपऱ्यात कुठला युजर आहे आणि नावाशेजारी कुठला बिल्ला आहे तेच बघायचं असतं.

बिल्ल्यावरूनच सुरू करतो. डॉक्युमेंटच्या नावाशेजारी "नॉट सेव्ह्ड" दिसत असेल तर अ‍ॅक्शन्स येणारच नाही. फ्रॅपेचा (ईआरपीनेक्स्ट ज्यावर उभं आहे त्या फ्रेमवर्कचा) नियमच आहे तो, फॉर्ममध्ये सेव्ह न केलेला बदल असेल तर वर्कफ्लोची बटणं लपवायची. तुम्ही म्हणाल साहेबांनी तर फक्त उघडलंय, काही टाइप केलेलंच नाही. बरोबर, साहेबांनी नाही, तुमच्या क्लायंट स्क्रिप्टने, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडने, केलंय. कोणीतरी कधीतरी रिफ्रेशवर एक स्क्रिप्ट लिहून ठेवलेली असते, फॉर्म उघडला की एकूण रक्कम परत काढ, किंवा आजची तारीख टाक, किंवा विभागावरून कॉस्ट सेंटर भर. फॉर्म उघडला, स्क्रिप्टने फील्डमध्ये व्हॅल्यू टाकली, फॉर्म डर्टी झाला, बटण गेलं. साहेब सेव्ह करतात, सेव्ह झालं की फॉर्म रिफ्रेश होतो, स्क्रिप्ट परत पळते, परत नॉट सेव्ह्ड. आणि ज्या दिवशी व्हॅल्यू योगायोगाने तीच निघते त्या दिवशी बटण दिसतं, म्हणून "कधी दिसतं कधी नाही" अशी भुताटकी वाटते. उपाय सोपा आहे, असली गणितं रिफ्रेशवर ठेवायचीच नाहीत. फील्ड बदललं की त्याच्या इव्हेंटवर करा, किंवा सरळ सर्व्हरवर व्हॅलिडेटच्या (सेव्ह होण्याआधीच्या तपासणीच्या) वेळी. निदान "नवीन डॉक्युमेंट असेल तरच" एवढी अट तरी टाका.

नॉट सेव्ह्ड नसेल तर पुढचा संशय रोलवर. वर्कफ्लो उघडा, ट्रान्झिशनच्या टेबलमध्ये डॉक्युमेंट सध्या ज्या स्टेटमध्ये (टप्प्यात) आहे ती ओळ शोधा आणि अलाउडच्या कॉलममध्ये कुठला रोल आहे ते बघा, मग युजरकडे तोच रोल आहे का बघा. तोच म्हणजे अक्षरशः तोच. प्रोजेक्ट्स मॅनेजर हा ईआरपीनेक्स्टचा तयार रोल आहे आणि तुमच्या आधीच्या माणसाने प्रोजेक्ट मॅनेजर नावाचा स्वतःचा रोल बनवलेला असू शकतो, एका अक्षरावरून दिवस जातो. एका ओळीत एकच रोल बसतो हेही लक्षात ठेवा. एचओडी आणि डेप्युटी एचओडी दोघांना अप्रूव्ह करता यायला हवं असेल तर तीच ट्रान्झिशन दोन ओळींत दोनदा लिहावी लागते. स्टेटच्या टेबलचंही तसंच, त्या स्टेटमध्ये एडिट कोणाला करता येईल तिथेही एका ओळीत एकच रोल, दुसरा हवा तर तीच स्टेट दुसऱ्या ओळीत. रोल नुकताच दिला असेल तर युजरला एकदा रीलोड करायला सांगा, नाहीतर लॉगआउट-लॉगिन, ब्राउझर रोलची यादी पान उघडलं तेव्हाची धरून बसलेला असतो.

आणि आता तो प्रकार ज्यामुळे तक्रार परत परत येते. रोल दिला होता, मागच्या महिन्यात चालत होतं, आज नाही. युजर उघडून बघा, रोल प्रोफाइल लावलंय का. रोल प्रोफाइल म्हणजे रोलचा ठरलेला संच. ते लावलं की युजरचे आधीचे सुटे रोल जातात आणि प्रोफाइलमध्ये आहेत तेवढेच राहतात. तुम्ही साहेबांना अप्रूव्हरचा रोल सुटा दिलेला, मग बदली झाली किंवा प्रमोशन झालं, एचआरने नवीन पदाचं प्रोफाइल लावलं, खेळ खलास. एचआरची काही चूक नाही, त्यांनी त्यांचं काम केलं. अप्रूव्हरचा रोल प्रोफाइलच्या आतच घाला म्हणजे विषय मिटतो. आणि एक, अप्रूव्हरचा रोल एकाच माणसाकडे ठेवू नका. तो गावी गेला, लग्न असलं, आजारी पडला की सगळ्या रिक्वेस्ट तुंबतात आणि मग पासवर्ड शेअर करायची प्रथा पडते. दोघांकडे ठेवा, टाइमलाइनमध्ये (डॉक्युमेंटच्या खालच्या नोंदींत) कुणी केलं ते नावासकट येतंच.

रोल आहे, रीलोड केलं, तरी नाही? मग सेल्फ अप्रूव्हल बघा. प्रत्येक ट्रान्झिशनच्या ओळीला अलाउ सेल्फ अप्रूव्हल अशी टिक असते, नवीन ओळ टाकली की ती आपोआप लागलेली येते. ऑडिटवाल्यांनी सांगितलं म्हणून कोणीतरी ती काढतो, योग्यच आहे ते, पण मग ज्याने रिक्वेस्ट बनवली त्याला ती अप्रूव्ह करता येत नाही. इथे गोम अशी की सिस्टम "बनवली" म्हणजे ओनर बघते, ज्याच्या लॉगिनने ते डॉक्युमेंट तयार झालं तो. रिक्वेस्टेड बाय असं तुम्ही फील्ड ठेवलंय त्याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. त्यामुळे दोन उलट्या गोष्टी होतात. एचओडीने सहज मदत म्हणून ज्युनिअरची रिक्वेस्ट स्वतःच्या लॉगिनने टाकून दिली तर त्याचं बटण जातं, हे लगेच कळतं कारण तो ओरडतो. पण एचओडीने स्वतःची रिक्वेस्ट ऑफिस असिस्टंटला टाकायला सांगितली तर ओनर असिस्टंट होतो आणि एचओडी स्वतःचीच रिक्वेस्ट आरामात मंजूर करतो, यावर कोणी ओरडत नाही. हे अडवायचं असेल तर ट्रान्झिशनच्या कंडिशनमध्ये लिहा की रिक्वेस्टेड बायमधला युजर आणि सध्याचा सेशन युजर एक नसावा. कंडिशनमध्ये सेशन वापरता येतं, डेटाबेसमधून एखादी व्हॅल्यू आणता येते, तारखांची थोडी फंक्शन्स आहेत, बाकीचं पायथन चालत नाही.

कंडिशनचा विषय निघालाच आहे तर त्यातलं एक उदाहरण सांगतो, कारण हे मी वेगवेगळ्या ठिकाणी जसंच्या तसं पाहिलंय. टूलरूममधून फिक्स्चर मॉडिफिकेशनची रिक्वेस्ट आली. एचओडीकडे पेंडिंग. एचओडीचा रोल बरोबर, सेल्फ अप्रूव्हलचा प्रश्न नाही, फॉर्म सेव्ह झालेला, आणि गंमत म्हणजे रिजेक्टचं बटण दिसतंय, अप्रूव्हचं नाही. त्याच एचओडीला बाकीच्या रिक्वेस्टवर दोन्ही बटणं येतायत. वर्कफ्लोत एचओडीच्या अप्रूव्हच्या दोन ओळी. पहिलीत खर्च < ५००००० असेल तर अप्रूव्ह्ड, दुसरीत खर्च > ५००००० असेल तर पेंडिंग प्लांट हेड. आणि रिक्वेस्टमधला खर्च? बरोब्बर ५,००,०००. दोन्ही कंडिशन खोट्या, दोन्ही ओळी बाद. आणि हा योगायोग नसतो, लोकांना लिमिट माहीत असते, अंदाजे खर्च विचारला की ते लिमिटवरच आणून ठेवतात, ४,९७,३५० कोणी लिहीत नाही. एका बाजूला इक्वल टू टाका, एकाच बाजूला. दोन्हीकडे टाकलंत तर बरोबर ५ लाखाला दोन्ही रस्ते उघडे राहतात आणि रिक्वेस्ट कुठून गेली ते तुमच्या हातात राहत नाही.

याच्याच बाजूला आणखी एक भांडण असतं, ५ लाख म्हणजे जीएसटी धरून की सोडून. ४,५०,००० चं काम, १८ टक्के धरले की ५,३१,००० होतात. कंडिशन बेसिक रकमेवर असेल तर एचओडीकडे संपतं, एकूण रकमेवर असेल तर प्लांट हेडकडे जातं. फायनान्सच्या डोक्यात एक असतं, वर्कफ्लो लिहिणाऱ्याच्या डोक्यात दुसरं. लेखी विचारून घ्या, मगच लिहा. आणि जे फील्ड कंडिशनमध्ये वापरलंय ते क्लायंट स्क्रिप्टने भरलं जात असेल तर एक्सेलमधून इम्पोर्ट केलेल्या रिक्वेस्टमध्ये ते शून्यच राहतं, क्लायंट स्क्रिप्ट फक्त ब्राउझरमध्ये फॉर्म उघडला तरच पळते. एकूण शून्य, म्हणजे ५ लाखांच्या आत, म्हणजे एचओडीकडेच मंजूर. ४० लाखांची लाइनसुद्धा. अडकलेली रिक्वेस्ट परवडली, निदान कोणीतरी फोन करतं. फील्डचा प्रकारही बघून घ्या. खर्च डेटा प्रकारच्या फील्डमध्ये ठेवला असेल तर तो मजकूर असतो, त्याची आकड्याशी तुलना पायथन करू देत नाही, एरर येते. करन्सी ठेवा.

अजून एक, पेंडिंग स्टेटमध्ये एडिट करायची मुभा बहुतेक वेळा अप्रूव्हरला दिलेली असते. पण मग तो खर्चाचा आकडाही बदलू शकतो. ५,२०,००० आलेले, त्याने ४,९५,००० केले, सेव्ह केलं, प्लांट हेडकडे जाणारा रस्ता बंद, स्वतःच अप्रूव्ह. खर्चाचं फील्ड पर्म लेव्हल (फील्डपुरत्या परवानगीची पातळी) १ ला टाका आणि त्या लेव्हलची राइट परमिशन फक्त रिक्वेस्ट टाकणाऱ्या रोलला द्या, अप्रूव्हरला नुसती रीड. ट्रॅक चेंजेस (कोणी काय बदललं त्याची नोंद) तर चालू ठेवाच. एकाच कामाच्या दोन रिक्वेस्ट पाडून दोन्ही लिमिटच्या आत बसवायच्या, हे मात्र कुठलाही वर्कफ्लो पकडू शकत नाही, ते मीटिंगमध्येच पकडावं लागतं.

आता तिसरी तक्रार, बटण आहे पण दाबल्यावर एरर. इथे लोक परत रोल बघत बसतात. रोल बरोबर आहे म्हणूनच तर बटण दिसलं ना! बटण दाखवताना सिस्टम डॉक्युमेंट वाचायची परमिशन, ट्रान्झिशनचा रोल आणि कंडिशन एवढंच बघते. दाबल्यावर मात्र ती खरोखर डॉक्युमेंट सेव्ह किंवा सबमिट करायला जाते आणि तिथे रोल परमिशन मॅनेजरमधल्या परमिशन्स लागतात. गेटपास मिळाला म्हणून स्टोअरची किल्ली मिळत नाही, तसंच. अप्रूव्ह्ड ही स्टेट डॉकस्टेटस १ ची (म्हणजे सबमिटेड) असेल तर शेवटी अप्रूव्ह करणाऱ्याच्या रोलला त्या डॉकटाइपवर राइटसोबत सबमिटसुद्धा हवं. अप्रूव्ह झाल्यानंतर "काम सुरू", "काम पूर्ण" अशा पुढच्या स्टेट्स ठेवल्या असतील तर त्या हलवणाऱ्यालाही सबमिट परमिशन लागते, कारण सबमिट झालेल्या डॉक्युमेंटला हात लावायचा तर सिस्टम तेच विचारते. आणि तेव्हा जी फील्ड्स भरायची आहेत त्यांना अलाउ ऑन सबमिट नसेल तर वेगळी एरर, सबमिशननंतर हे बदलता येणार नाही अशी.

डॉकस्टेटसवरून आठवलं, नवीन वर्कफ्लो करताना सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ० म्हणजे ड्राफ्ट, १ म्हणजे सबमिटेड, २ म्हणजे कॅन्सल्ड. लोक काय करतात, इंजिनिअरच्या बटणाला "सबमिट फॉर अप्रूव्हल" नाव देतात आणि नावात सबमिट आहे म्हणून पेंडिंग एचओडीला डॉकस्टेटस १ देतात. मग एचओडीला ते दुरुस्तीसाठी परत पाठवायचं असतं आणि सिस्टम तो वर्कफ्लो सेव्हच करू देत नाही, सबमिट झालेलं डॉक्युमेंट परत ड्राफ्ट होऊ शकत नाही म्हणते. तसंच रिजेक्टेडला २ देतात, की नाकारलं म्हणजे कॅन्सल. पण ड्राफ्टमधून थेट कॅन्सल करता येत नाही, आधी सबमिट व्हावं लागतं, तिथेही तो अडवतो. साधं ठेवा. जोपर्यंत शेवटची सही होत नाही तोपर्यंत सगळं ० मध्ये, पेंडिंग, परत पाठवलेलं, रिजेक्टेड, सगळं. फक्त अप्रूव्ह्ड १. मंजूर झाल्यावर कधी रद्द करायची वेळ आली तर त्याच्यासाठी २ ची एक स्टेट.

रिजेक्ट करताना कारण लिहिणं सक्तीचं हवं असेल तर त्याची एक सोपी युक्ती आहे. "मँडेटरी डिपेंड्स ऑन" इथे कामाला येत नाही, तो फॉर्मवरचा चेक आहे आणि वर्कफ्लोचं बटण सर्व्हरकडून सेव्ह करतं. त्याऐवजी रिजेक्टच्या ट्रान्झिशनच्या कंडिशनमध्ये नुसतं ते कारणाचं फील्ड लिहा. रिकामं असेल तर रिजेक्टचं बटणच दिसणार नाही, कारण लिहून सेव्ह केलं की येतं. फक्त फॉर्मवर वर एक ओळ लिहून ठेवा की रिजेक्ट करायचं तर आधी कारण भरा, नाहीतर उद्या परत तोच फोन, बटण दिसत नाही.

काही वेळा अख्खा वर्कफ्लोच जागेवर नसतो. एका डॉकटाइपला एका वेळी एकच वर्कफ्लो अ‍ॅक्टिव्ह राहतो. तुम्ही प्रयोग करायला म्हणून जुन्याची डुप्लिकेट कॉपी केली, इज अ‍ॅक्टिव्हची टिक तशीच राहिली, सेव्ह केलं, की मूळचा गुपचूप बंद. कॉपी करताना आधी ती टिक काढा. आणि "प्रत्येक अपडेटनंतर आमचे बदल जातात, जुना वर्कफ्लो परत येतो" अशी तक्रार असेल तर कस्टम अ‍ॅपमध्ये फिक्स्चर्स (कोडसोबत फाइलमध्ये साठवलेली सेटिंग्ज, टूलरूमची नव्हे) बघा. ज्याने सुरुवातीला सेटअप केला त्याने वर्कफ्लो फिक्स्चर म्हणून एक्सपोर्ट करून ठेवलेला असतो. बेंच मायग्रेट (अपडेटच्या वेळी चालवायची कमांड) झालं की ती फाइल साइटवर परत लादली जाते, तुम्ही डेस्कवरून केलेले बदल पुसले जातात. एक तर नवीन बदल परत एक्सपोर्ट करून अ‍ॅपमध्ये कमिट करा, नाहीतर फिक्स्चरच्या यादीतून वर्कफ्लो काढून टाका. दोन्हीपैकी काहीच न करता दर अपडेटला हाताने परत दुरुस्त करणारी मंडळी मी बघितलीयत, त्यांना वाटतं व्हर्जनमध्ये बग आहे.

चालू वर्कफ्लोत स्टेटचं नाव बदलणं हाही तसलाच उद्योग. पेंडिंग एचओडीचं तुम्ही विभागप्रमुखांकडे प्रलंबित केलंत, छान दिसतं, पण ज्या रिक्वेस्ट आधीपासून पेंडिंग एचओडीत होत्या त्यांच्यावर जुनंच नाव राहतं आणि त्या नावाची एकही ट्रान्झिशन आता नाही. त्या तिथेच अनाथ. वर्कफ्लोच्या फॉर्मवर सिस्टम स्वतः सांगते की या या स्टेटमधली इतकी डॉक्युमेंट्स आहेत आणि ती स्टेट वर्कफ्लोत नाही, पण ते खाली स्क्रोल करून वाचायला सवड कोणाला. उपाय, जुनी स्टेट परत टाका, तिच्यातून नव्या स्टेटमध्ये जाणारी एक ट्रान्झिशन द्या, अडकलेल्या रिक्वेस्ट लिस्टमधून एकदम सिलेक्ट करून पुढे ढकला, मग जुनी काढा. डेटाबेसमध्ये थेट अपडेट क्वेरी मारायचा मोह होतो, नको. टाइमलाइनमध्ये त्याची काही नोंद राहत नाही आणि ऑडिटला उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

पहिली तक्रार राहिली, डॉक्युमेंटच दिसत नाही. हे बहुतेक वेळा युजर परमिशनचं असतं. एचओडीला फक्त त्याच्या विभागाच्या रिक्वेस्ट दिसाव्यात म्हणून डिपार्टमेंटची युजर परमिशन लावलेली असते, मग तोच माणूस प्लांट हेड होतो आणि जुनी परमिशन कोणी काढत नाही. त्याला फक्त मेंटेनन्सच्या रिक्वेस्ट दिसतात, बाकीच्या विभागांना वाटतं साहेब दाबून बसलेत.

हे सगळं तपासताना एक पथ्य पाळा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या लॉगिनने टेस्ट करू नका. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे सगळे रोल असतात, सेल्फ अप्रूव्हलची अटही त्याला लागू होत नाही, त्यामुळे त्याच्या स्क्रीनवर जवळपास सगळंच चालतं. "माझ्याकडे तर होतंय" हे वाक्य तिथूनच येतं. तीन टेस्ट युजर बनवा, इंजिनिअर, एचओडी, प्लांट हेड, खऱ्या माणसांना जे प्रोफाइल आणि जी युजर परमिशन आहे तीच द्या, वेगवेगळ्या इनकॉग्निटो विंडोत उघडा आणि चार रकमा टाकून बघा: लिमिटच्या आत, बरोबर लिमिट, लिमिटच्या वर, आणि शून्य.

शेवटी मेल. "बटण आहे हो, पण रिक्वेस्ट आलीय हे कळतच नाही." वर्कफ्लोत सेंड ईमेल अलर्टवर टिक आहे का, त्या स्टेटला ऑप्शनल स्टेटची टिक चुकून लागली नाही ना (लागली असेल तर त्या स्टेटसाठी वर्कफ्लो अ‍ॅक्शन बनतच नाही), डीफॉल्ट आउटगोइंग अकाउंट आहे का, या तीन गोष्टी बघून ईमेल क्यू (जायच्या मेलची रांग) उघडा. मेल तिथे नॉट सेंट म्हणून पडून असतील तर बहुतेक शेड्युलर (मागे आपोआप कामं चालवणारा भाग) बंद आहे, बॅकअप रिस्टोअर केल्यावर असं होऊ शकतं. मेल जातायत पण त्यातली लिंक लोकलहोस्टची असेल तर साइट कॉन्फिगमध्ये होस्टनेम टाका. मेल त्या रोलच्या सगळ्यांना जातो, ज्यांना ते डॉक्युमेंट बघायची परमिशन आहे अशा सगळ्यांना, म्हणून सात एचओडी असतील आणि डिपार्टमेंटची युजर परमिशन लावली नसेल तर सातही जणांना प्रत्येक रिक्वेस्टचा मेल जाईल आणि मग सातही जण ते वाचणं सोडून देतील. टेस्ट सर्व्हरवर लाइव्हचा बॅकअप चढवलात तर पहिलं काम म्हणजे साइट कॉन्फिगमध्ये म्यूट ईमेल्स चालू करणं, शेड्युलर त्याच्यानंतर. नाहीतर तुमच्या शून्य रुपयांच्या टेस्ट रिक्वेस्टचे मेल खऱ्या प्लांट हेडला जातात, आणि तो ते अप्रूव्ह पण करतो.